हातचा एक कुठे हरवतो?

सत्तेचाळीस अधिक अडतीस. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. चार आणि तीन सात, हातचा एक मिळवून आठ. उत्तर पंच्याऐंशी. दुसरीतलं मूल हे गणित करतं. आता समजा, या मुलाच्या गावात गोळीबार झाला, घर जळालं, रातोरात पळावं लागलं. चार महिन्यांनी छावणीतल्या तात्पुरत्या वर्गात त्याला हेच गणित घातलं, तर ते पंच्याहत्तर लिहितं. सात आणि आठ पंधरा होतात हे त्याला आठवतं. पाच बरोबर जागी लिहिलेले आहेत. गेला आहे तो फक्त हातचा.

मोठी माणसं यावर पटकन निकाल देतात. लक्ष नाही, शिकलेलं विसरलं, मुळातच कच्चं असणार. याहून घातक समजूत मदतीला धावून येणाऱ्या भल्या माणसांमध्येही दिसते: आधी अन्न, औषध, निवारा; शाळेचं सगळं स्थिरस्थावर झाल्यावर बघू. मूल लहान आहे, आपोआप सावरेल. मला या लेखात त्या एका हातच्याचा माग काढायचा आहे, कारण तो कुठे जातो हे समजलं की 'शाळा नंतर बघू' हे वाक्य तोंडातून निघत नाही.

हे 'नंतर' किती लांबतं? सीरियातला संघर्ष २०११ मध्ये सुरू झाला. तेव्हा सहा वर्षांचं असलेलं मूल २०२३ मध्ये अठरा वर्षांचं झालं. त्याची शाळा 'नंतर'वर टाकली असती तर शिकायचं सगळं वय त्यातच संपलं असतं, आणि अनेकांचं तसं संपलंही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या मोजणीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं जबरदस्तीने विस्थापित झालेली होती. त्यांतली सुमारे ४० टक्के मुलं. सीमा ओलांडून दुसऱ्या देशात गेलेल्या शालेय वयाच्या मुलांपैकी जवळपास निम्मी आज शाळेबाहेर आहेत.

तर हातचा. आपण हातचा एक 'ठेवतो' तो कुठे ठेवतो? पाढे जसे मेंदूत कायमचे मुरलेले असतात तसा हातचा मुरलेला नसतो. तो चारपाच सेकंद जिवंत ठेवायचा आणि काम झालं की सोडून द्यायचा असतो. या तात्पुरत्या साठ्याला कार्यस्मृती म्हणतात. तिचा मोठा भार कपाळामागच्या भागावर, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर असतो. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे माकडांच्या या भागातल्या चेतापेशींचे विद्युतसंदेश टिपले. माकडाला एक खूण दाखवायची, मग ती झाकायची, काही सेकंद थांबायला लावायचं आणि मग उत्तर मागायचं. खूण डोळ्यांसमोर नसतानाही काही पेशी त्या मधल्या वेळात सतत संदेश सोडत राहिल्या. उत्तर दिल्यावर गप्प झाल्या. समोर नसलेली गोष्ट धरून ठेवणाऱ्या पेशी प्रथमच प्रत्यक्ष सापडल्या होत्या.

या पेशी इतका वेळ जाग्या कशा राहतात हे पुढे अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांच्या कामातून उलगडत गेलं. पेशी एकमेकींना चेतवत राहतात. पहिलीने दुसरीला संदेश द्यायचा, दुसरीने तिसरीला, आणि फिरून तो पहिलीकडे यायचा. चेंडू जमिनीवर पडू न देता काही मुलं तो एकमेकांकडे टोलवत राहतात, तसा हा खेळ. चेंडू हवेत आहे तोवर हातचा आहे. तो पडला की हातचा गेला, आणि कुठे गेला हे शोधून सापडत नाही, कारण तो कुठे लिहिलेलाच नव्हता.

आता माझ्या सर्वांत आवडीचा भाग येतो. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टन यांनी आयुष्यातली अनेक वर्षं एकाच प्रश्नावर घालवली: भीती वाटली की हा चेंडू नेमका का पडतो? चेतापेशीला बारीक काट्यांसारखे उंचवटे असतात आणि त्यांच्यावर दुसऱ्या पेशीचा संदेश उतरतो. प्रीफ्रंटल भागातल्या या काट्यांवर आयनांना, म्हणजे विद्युतभारित कणांना, ये-जा करू देणारी छोटी दारं आहेत. दारं बंद असली तर आलेला संदेश पेशीच्या आत पोचतो. उघडी असली तर तो वाटेतच गळून जातो, भोक पडलेल्या घागरीतल्या पाण्यासारखा. दारं उघडायची की मिटायची हे नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिन ही रसायनं ठरवतात, आणि त्यातली खुबी अशी की एकच नॉरॲड्रेनलिन दोन्ही कामं करतं. त्याला चिकटायला पेशीवर वेगवेगळे ग्राही असतात. अल्फा-२ए हा ग्राही नॉरॲड्रेनलिन थोडं असतानाही त्याला पकडतो. मग पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप्या रसायन कमी होतं, दारं मिटतात आणि संदेश नीट पोचतो. मूल जागं आहे, उत्सुक आहे, किंचित धडधड आहे, तेव्हा हे घडतं. मात्र भीतीच्या क्षणी नॉरॲड्रेनलिनचा लोंढा येतो. तेव्हा जास्त मात्रेलाच जागे होणारे अल्फा-१ ग्राही कामाला लागतात, जोडीला डोपामिनचे डी-१ ग्राही भरमसाट उत्तेजित होतात, पेशीत सायक्लिक एएमपी आणि कॅल्शियम वाढतं आणि पोटॅशियमची दारं उघडतात. पेशींचं एकमेकींशी बोलणं तुटतं. चेंडू पडतो.

ही नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की यात पेशी मरत नाही आणि शिकलेलं पुसलं जात नाही. दारं उघडतात, इतकंच. तेही काही क्षणांत. ज्या लोंढ्याने कपाळामागचा भाग थंडावतो, त्याच लोंढ्याने अमिग्डला हा धोका हेरणारा भाग तल्लख होतो. अंगावर गोळी येत असताना हातचे सांभाळत बसणारा प्राणी वाचत नाही, म्हणून निसर्गाने ही सोय केली. छावणीतल्या वर्गात दार धाडकन आपटलं आणि सत्तेचाळीस अधिक अडतीसचं उत्तर चुकलं, तर त्या मुलाचा मेंदू बिघडलेला नाही. तो नेमून दिलेलं काम चोख करतो आहे, फक्त चुकीच्या जागी.

लोंढा रोजचाच झाला तर मात्र रचनाही बदलते. बंगळूरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवलं तर स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात आणि अमिग्डलातल्या पेशींच्या फांद्या वाढतात. ताणाने मेंदू नुसता 'झिजतो' असं नाही. भीतीचा भाग भरघोस होतो. ताण थांबवून २१ दिवस गेल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला होता, अमिग्डला नाही. माणसांवरचा एक दिलासा देणारा प्रयोग २००९ चा आहे. परीक्षेच्या तयारीने महिनाभर पिचलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचं प्रीफ्रंटल जाळं विस्कळीत झालेलं दिसलं. ताण ओसरल्यावर महिन्याभरात ते पूर्ववत झालं. उंदराचं किंवा परीक्षार्थीचं सगळं जसंच्या तसं छावणीतल्या मुलाला लावता येत नाही. पण दारं पुन्हा मिटू शकतात, एवढं त्यातून नक्की कळतं.

मिटवायची कशी? याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उत्तर १९७० च्या आसपास मानसशास्त्रज्ञ जे वाइस यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत आहे. दोन उंदरांना तंतोतंत सारखेच विजेचे झटके. एकाला प्रत्येक झटक्याआधी सूचनेचा आवाज ऐकू येई, दुसऱ्याला झटका कधीही बसे. झटके सारखेच, तरी सूचना न मिळणाऱ्याच्या पोटात कितीतरी जास्त व्रण झाले. सूचना मिळणाऱ्याला आवाज नसेल तेव्हा निर्धास्त बसता येत होतं. दुसऱ्याला निर्धास्त असा एक क्षणही नव्हता.

शाळेचं वेळापत्रक तेच करतं. रोज त्याच वेळी घंटा, त्याच बाई, पहिल्या तासाला गोष्ट, दुसऱ्याला गणित, मग सुट्टी. छावणीतल्या दिवसात पुढच्या तासाला काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही. वर्गात मात्र ते मुलाला आधीच ठाऊक असतं. म्हणून शाळा ही पोट भरल्यानंतरची चैन नाही. ती मेंदूच्या उपचाराचा भाग आहे आणि ती जितकी लवकर उघडेल तितकी बरी. ताडपत्रीखाली भरली तरी चालेल, पण उद्याही ती भरली पाहिजे. आठवड्यातून दोनदा भरणारी आणि न सांगता बंद राहणारी शाळा म्हणजे पुन्हा तो दुसरा उंदीरच.

अशा ठरलेल्या वेळापत्रकाने ताण उतरतो का हे मोजताही येतं, आणि ते केसांवरून. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक त्यात अडकत जातं. मुळाजवळचे तीन सेंटिमीटर म्हणजे मागच्या तीन महिन्यांची नोंदवहीच. जॉर्डनमध्ये सीरियन आणि स्थानिक किशोरवयीन मुलामुलींसाठी आठ आठवड्यांचा एक कार्यक्रम झाला. ती शाळा नव्हती. ठरलेल्या वेळी भेटणारे, खेळणारे, काही कौशल्यं शिकणारे गट होते. कार्यक्रमात कोण असेल आणि कोण नसेल हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रमात असलेल्या बहुतेकांचं कॉर्टिसॉल उतरलं. ज्या थोड्यांचं आधीच फार खाली होतं, त्यांचं वर आलं.

दचकणारं, अबोल झालेलं, अंथरूण ओलं करणारं मूल दिसलं की 'बाधा झाली' म्हणून गंडेदोरे बांधले जातात आणि मोलाचे महिने वाया जातात. तितकाच राग मला दुसऱ्या टोकाच्या जादूचाही येतो: छावणीत टॅब्लेट वाटले, झालं शिक्षण! टॅब्लेट उपयोगी पडू शकतो, पण मूल दचकलं की थांबून त्याच्याजवळ बसणारं माणूस तो होत नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी युद्धग्रस्त मुलांसाठी बालगृहं चालवली. बॉम्बवर्षावात आईजवळ राहिलेल्या मुलांपेक्षा आईपासून तुटून सुरक्षित ठिकाणी गेलेली मुलं जास्त कोलमडतात, असं त्यांना दिसलं. मग त्यांनी मुलांचे छोटे छोटे 'कुटुंब'-गट केले आणि प्रत्येक गटाला एक ठरलेली सांभाळणारी दिली.

वर्गात काय करावं हेही दारांच्या गोष्टीतूनच निघतं. मार आणि अपमान पूर्ण बंद, कारण लोंढा तेही आणतात. मुलाला वयाच्या इयत्तेत ढकलण्याआधी त्याला आज काय येतं ते बघायचं. आणि भाषा. लेबनॉनमधल्या शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये शिकवतात. सीरियातून आलेली मुलं ते अरबीत शिकलेली. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांत घरी रोहिंग्या बोलणारं मूल म्यानमारचा अभ्यासक्रम बर्मीत शिकतं. परक्या भाषेतला प्रश्न नुसता समजून घेण्यातच कार्यस्मृतीची बरीचशी जागा जाते, मग हातच्याला उरतं काय? सुरुवातीचे महिने तरी समजावणं घरच्या भाषेत हवं.

हातचा तर सरळ लिहूनच ठेवावा. चाराच्या डोक्यावर छोटासा एक. काही शिक्षक 'मनात धर, लिहू नको' असा आग्रह धरतात. या मुलांसाठी तो सोडून द्यावा. कागदावरचा एक नॉरॲड्रेनलिनने पुसला जात नाही. काही महिन्यांनी तेच मूल हातचा न लिहिता पंच्याऐंशी लिहील. तरीही दार आपटलं की दचकेल, कारण अमिग्डला सावकाश निवतो. बाईंनी दाराच्या फटीत कापडाची घडी कोंबावी आणि पुढचं गणित घालावं.