जुन्या गाडीचा प्लग आणि त्यावरचे फिरलेले आकडे

जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाच्या हेडमधून काढलेल्या स्पार्क प्लगवर ‘डब्ल्यू १७५ टी १’ असं काहीतरी कोरलेलं असतं. आजच्या दुकानात हा आकडा कुणी ओळखत नाही. ओळखलाच, तर हातात ठेवतात ‘डब्ल्यू ७ ए’. एकशे पंचाहत्तरचा सात कसा झाला, हे कळलं की जुन्या गाडीला प्लग निवडताना होणाऱ्या निम्म्या चुका टळतात.

सुरुवात फार मागे, १८६० मध्ये होते. एतिएन लेन्वार यांनी आपल्या गॅस इंजिनात चिनीमातीच्या नळीतून तार नेऊन ठिणगी पाडली. पण मोटारीसाठी भरवशाचा प्लग यायला १९०२ उजाडलं. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातले गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च विद्युतदाबाचा मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र, आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. त्यानंतर प्लग बनवणाऱ्यांची रीघच लागली. त्यातली अल्बेर शाँपियों या फ्रेंच सायकलपटूची कथा मजेदार आहे. अमेरिकेत जाऊन त्याने स्वतःच्या नावाने कंपनी काढली, पुढे भागीदारांशी फाटलं आणि नाव त्यांच्याकडेच राहिलं. मग त्याने दुसऱ्या कारखान्याला आपली आद्याक्षरं दिली. म्हणजे ‘चॅम्पियन’ आणि ‘एसी’ हे एकमेकांचे कट्टर स्पर्धक एकाच माणसाच्या नावावरून आलेले.

माप मात्र कुणीच एक ठेवलं नाही. फोर्ड मॉडेल टीचा प्लग अर्ध्या इंची पाइपच्या, निमुळत्या आट्यांचा. त्यानंतरच्या मॉडेल एचा पाऊण इंचाहूनही जाड, ७/८ इंची. युरोपात बराच काळ १८ मिलिमीटर चालला. इंजिनातला दाब वाढला, व्हॉल्व्ह मोठे झाले, हेडमध्ये जागा उरेना, तसे प्लग बारीक होत गेले आणि १४ मिलिमीटरवर स्थिरावले. म्हणून महायुद्धाआधीच्या गाडीला ‘कुठलाही चौदाचा घाल’ म्हणणारा मिस्त्री भेटला, तर आधी भोक मोजायला सांगावं.

आट्यांच्या लांबीचं, म्हणजे रीचचं, दुखणं त्याहून वाईट. १९५० च्या दशकारंभीच्या एमजी टीडी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं हेड उत्पादन चालू असतानाच बदललं. आधीच्या इंजिनांना अर्धा इंच रीचचा प्लग लागतो, नंतरच्यांना पाऊण इंचाचा. गाडीचं नाव तेच, मॉडेल तेच. अर्ध्याच्या जागी पाऊणचा बसवला तर टोक आत डोकावतं आणि पिस्टनला धडकू शकतं. नाही धडकलं, तरी आत डोकावलेल्या आट्यांवर काजळी बसते, आणि पुढच्या वेळी प्लग काढताना हेडचे आटेच सोबत येतात. उलट केलं तर ठिणगी खोबणीत दबून पडते. सत्तर वर्षांत कुणी हेड बदललं असेल तर छापील पुस्तकही खोटं ठरतं. त्यामुळे जुना प्लग बाहेर काढून पट्टीने मोजणं आलंच.

इन्सुलेटरचा, म्हणजे प्लगमधली वीज बाहेर फुटू न देणाऱ्या आवरणाचा, ही इतिहास आहे. चिनीमाती उष्णतेने तडकायची, म्हणून इंग्लंडमध्ये केनेल्म ली गिनेस यांच्या केएलजी कंपनीने अभ्रक वापरला. त्या काळी पत्रीच्या अभ्रकाचा मोठा पुरवठा आजच्या झारखंडमधल्या कोडरमा-हजारीबागच्या पट्ट्यातून जगभर होत असे. पेट्रोलमध्ये शिसं आलं आणि अभ्रक मागे पडला; त्याची जागा भाजलेल्या ॲल्युमिनाने घेतली. जुन्या बाजारात पितळी अंगाचे अभ्रकवाले प्लग दिसले की हात पुढे जातो. माझं मत विचाराल तर ते काचेच्या कपाटात शोभतात. रस्त्यावर जायचं तर नवीन इन्सुलेटर हवा.

आता त्या १७५ कडे. प्लगच्या आतल्या टोकाचा, म्हणजे नाकाचा, इन्सुलेटर लांब असेल तर उष्णता हेडकडे सावकाश जाते, तो गरम प्लग. आखूड असेल तर झटकन जाते, तो थंड. टोकाचं तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या खाली राहिलं तर काजळी जळत नाही आणि गाडी मिसिंग मारू लागते. ८५० च्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच टोक निखाऱ्यासारखं पेट्रोल पेटवतं. बॉशने हे एका चाचणी इंजिनावर मोजलं: टोक तापून पेट्रोल आपोआप पेट घेईपर्यंत प्लग किती सेकंद टिकला. जास्त सेकंद टिकला तो थंड. म्हणून १७५ हा १४५ पेक्षा थंड आणि २२५ त्याहून थंड.

पुढे नवीन पद्धतीत हीच शिडी उलटी झाली. १४५ चा आठ, १७५ चा सात, २२५ चा पाच. आता आकडा लहान, तर प्लग थंड. चॅम्पियनचंही तसंच, आकडा मोठा म्हणजे गरम. जपानी एनजीके मात्र उलट: बी ५ एचएस गरम, बी ६ एचएस थंड. एका कंपनीचा प्लग काढून दुसरीचा त्याच आकड्याचा बसवणारा माणूस नकळत पलीकडच्या टोकाला जाऊ शकतो. तक्ता पाहिल्याशिवाय कंपनी बदलू नये. नुसत्या आकड्यावर विसंबणं म्हणजे वजन किलोत आहे की शेरात हे न विचारता माल उचलणं.

आपल्याकडे १९५१ साली स्थापन झालेल्या, बॉशशी जोडलेल्या बंगळुरूच्या मायको कंपनीमुळे बॉशचीच पद्धत रुळली. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या मालकांच्या तोंडी प्लग म्हणजे मायको, हे समीकरण बरीच वर्षं टिकलं. मायकोची २००८ मध्ये ‘बॉश लिमिटेड’ झाली. त्याआधी, २००० मध्ये, देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं होतं. त्यामुळे ‘प्लग बिस्किटाच्या रंगाचा दिसला म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण बरोबर’ हा जुना नियम आता पूर्ण लागू पडत नाही. बिनशिशाच्या पेट्रोलवर प्लग पुष्कळदा फिकट राहतो, आणि तो पाहून लोक उगीच कार्ब्युरेटर पिळत बसतात.

दुकानात आज बहुतेक प्लग रेझिस्टरवाले मिळतात, एनजीकेच्या नंबरात ‘आर’ असलेले. आतला सुमारे ५००० ओहमचा रोध रेडिओतली खरखर कमी करतो. पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारी उघडझाप करणारी जोडी) आणि कॉइलवर चालणाऱ्या धडधाकट गाडीला त्याने सहसा त्रास होत नाही, आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर तोच घ्यावा. थकलेल्या मॅग्नेटोची गाडी मात्र बिनरेझिस्टरच्या प्लगवर सोपी सुरू होते. पिस्टनच्या रिंगा झिजून इंजिन तेल पीत असेल, तर एक पायरी गरम प्लग घालून थोडे दिवस काढता येतात, पण रिंगांचा खर्च टळत नाही. प्लगच्या दोन टोकांमधला गॅप तेवढा गाडीच्या पुस्तकातला ठेवावा, डब्यावरचा नाही; डबा हजार गाड्यांसाठी छापलेला असतो.