चित्राच्या कडा घरी कापू नका

"यात देव कुठे आहे?" गिरगावातल्या आमच्या फ्रेमच्या दुकानात धार्मिक निसर्गचित्र आलं की हा प्रश्न ठरलेला. पाठोपाठ सूचना: "बाजूची झाडं काढा, देव मोठा दिसू दे." काही जण तर घरूनच ब्लेड फिरवून आणतात.

मागच्या पावसाळ्यात वसईहून एक काका क्लोद लोरँच्या चित्राचा प्रिंट घेऊन आले. विषय, मिसर देशाच्या, म्हणजे इजिप्तच्या वाटेवर विसावलेलं पवित्र कुटुंब. हेरोद राजा बाळ येशूच्या जिवावर उठला म्हणून योसेफ रातोरात मरिया आणि बाळाला घेऊन निघाला, ही मत्तयच्या शुभवर्तमानातली गोष्ट. आपला वसुदेवही कंसाच्या भीतीने असाच यमुनेत उतरला होता. सतराव्या शतकात रोममध्ये राहून काम करणारा हा चित्रकार माणसं लहान काढायचा. झाडं, पाणी आणि दूरवरचा उजेड मोठा. एवढ्या मोठ्या मुलखात तीन जीव, आणि कुणी पाठलाग करत नाही: विसावा तो हाच. काकांनी डावीकडचं आकाश कापलं होतं. चेहऱ्यांवर उजेड राहिला, तो येतो कुठून ते गेलं.

नाथद्वाऱ्याच्या पिछवाईचंही, म्हणजे श्रीनाथजींच्या मूर्तीमागे टांगायच्या कापडी चित्राचंही, तसंच. गोपाष्टमीच्या पिछवाईत गाईच गाई असतात. पावसाळी पिछवायांत कधी कृष्णाच्या जागी कदंब उभा असतो आणि गोपी त्याच्याकडे वळलेल्या असतात. ते झाड "जास्तीचं" म्हणून काढलं तर देवच काढला.

म्हणून आधी उजेड कुठून येतो ते बघा, मग गुरं आणि माणसं कुणाकडे वळली आहेत ते.

आम्ही कापायला नकार देतो, त्याचा काहींना राग येतो. पण माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याची, खिडकी चारही बाजूंनी चित्रावर चार-पाच मिलिमीटर चढते. कड आधीच कापलेली असली की आणखी चित्र झाकलं जातं. मग ते माउंटवर उघडं चिकटवावं लागतं, काचेपासून दूर ठेवायला आतून पट्टी द्यावी लागते, आणि दोन दिवसांचं काम आठवड्यावर जातं. आकृती उठून दिसायला हवी असेल तर रुंद, फिक्या रंगाचा माउंट पुरतो. मुंबईच्या दमट हवेत तो ॲसिड-फ्रीच घ्या. थोडा महाग पडतो, पण कागद पिवळा पडत नाही.

चित्र आहे तसं, सैल गुंडाळी करून आणा. टेबलावर पसरून तीन-चार माउंट लावून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. सोमवारी दुकान बंद असतं.