कॅम चेनचा मागचा बोल्ट: ताण देणारा कोणता आणि नुसता धरून ठेवणारा कोणता?

जुन्या बाइकचं इंजिन वरून खुळखुळायला लागलं की कुणीतरी हमखास सल्ला देतं, "कॅम चेन सैल झालीय, मागचा बोल्ट अर्धा आटा आवळ." ऐकणारा आवळतो. आवाज जात नाही म्हणून आणखी आवळतो. हा सल्ला काही इंजिनांना अगदी बरोबर लागू पडतो आणि काहींना साफ चुकीचा. नेमका कुठल्या इंजिनाला कोणता, हे सांगायची तसदी मात्र कुणी घेत नाही.

किरकोळ गोंधळ आधी उरकतो. मागच्या चाकाची चेन वेगळी आणि इंजिनात क्रँकवरून (पिस्टनमुळे फिरणारा खालचा शाफ्ट) कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा शाफ्ट) फिरवणारी कॅम चेन वेगळी, हे तुम्हाला ठाऊक आहे. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटचा आवाज एकसारखा टिकटिक असतो. सैल कॅम चेन खडखडते, आयडलला जास्त, आणि रेस दिली की बऱ्याचदा दबते. बस.

आता मुद्दा. सिलिंडरच्या मागे दिसणारा टेन्शनर, म्हणजे कॅम चेनला ताण देणारा भाग, हाताने ॲडजस्ट करायचा असेल तर मुख्यतः दोन जातींचा असतो.

पहिली जात होंडाच्या सीबी ७५० ची, म्हणजे १९६९ मध्ये आलेल्या चार सिलिंडरवाल्या इंजिनाची. इथे चेनला ताण देते स्प्रिंग. ती एका दांड्याला ढकलते आणि दांडा चेनला टेकलेल्या पट्टीला. बाहेरून दिसणारा बोल्ट फक्त त्या दांड्याला आडवा दाबून जागेवर धरतो. त्यामुळे ताण द्यायचा असेल तर बोल्ट सैल करायचा, स्प्रिंगला तिचं काम करू द्यायचं आणि मग पुन्हा लॉक करायचं. हा बोल्ट कितीही आवळा, चेन केसभरही घट्ट होत नाही. उलट बोल्टचं टोक दांड्यात खड्डा पाडतं. पुढच्या वेळी दांडा त्याच खड्ड्यात अडकतो आणि स्प्रिंग बिचारी नुसती ढकलत राहते. "ॲडजस्ट केलं तरी आवाज जात नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हाच खड्डा असतो. अशा वेळी टेन्शनर बाहेर काढून दांडा तपासण्याला पर्याय नाही.

दुसरी जात यामाहाच्या एक्सएस ६५० मध्ये भेटते. इथे स्क्रू दांड्याच्या रेषेतच बसतो आणि आत गेला की मागून स्प्रिंग दाबतो, म्हणजे आवळल्यावर ताण खरोखर वाढतो. (वर्षागणिक टेन्शनर बदलत गेला, म्हणून आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघा.) टोपी काढली की स्क्रूच्या मधल्या भोकात दांड्याचं टोक दिसतं. ते स्क्रूच्या तोंडाशी सपाट आलं की थांबायचं. इंजिन फिरताना ते टोक किंचित आतबाहेर हललं पाहिजे. अजिबात हलत नसेल तर तुम्ही जास्त आवळलंय आणि आता चेन पट्टीचं रबर खाणार. ज्याला होंडाची सवय आहे तो इथे स्क्रू सैल करून स्प्रिंगची वाट बघत बसतो. यामाहावाला होंडाचा बोल्ट पिळतो. दोघांनाही वाटतं, आपण ॲडजस्ट केलं.

होंडाच्या जातीत आणखी एक गोष्ट नडते, आणि तिच्याबद्दल मी जरा हट्टी आहे. क्रँक नेहमी चालत्या दिशेलाच फिरवायचा. तसा फिरवला की चेनची पुढची बाजू ताणलेली राहते आणि सगळा ढिलेपणा मागे, टेन्शनरसमोर येतो. ॲडजस्ट करताना क्रँक एका ठरलेल्या खुणेवर आणावा लागतो; मी एकदा ती खूण जराशी ओलांडली आणि आळसापायी क्रँक तेवढाच उलटा आणला. लॉक सैल केलं, दांडा जागचा हलला नाही. मी खूश, म्हटलं चेन ठीक आहे. इंजिन सुरू केलं तर खडखड तशीच. उलट फिरवल्यामुळे ढिलेपणा पुढे गेला होता आणि स्प्रिंगसमोर ताठ चेन होती. मग दोन पूर्ण फेरे पुढे फिरवून पुन्हा खुणेवर आलो. या वेळी लॉक सोडताच आतून 'टक्' असा बारीक आवाज आला.

खुणेवर यायचं ते याच कारणासाठी. कॅमचं नाक (कॅमशाफ्टवरचा व्हॉल्व्ह दाबणारा उंचवटा) व्हॉल्व्हवरून उतरत असलं की व्हॉल्व्हची स्प्रिंग कॅमशाफ्टला पुढे ढकलते, मागची चेन ताणली जाते आणि टेन्शनर फसतो. म्हणून सीबी ७५० ला पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला पिस्टन सर्वांत वर आल्यावर आणखी १५ अंश पुढे, अशी जागा दिलेली असते. ती दुसऱ्या इंजिनाला लावू नका. "साधारण तिथेच कुठेतरी" म्हणणाऱ्यांच्या हाती पाना देऊ नये, असं माझं मत आहे.

चालू इंजिनावर लॉक सोडायची पद्धतही बरेच जण सांगतात. होंडावर मी ती वापरत नाही. एक्सएस ६५० वर मात्र आयडलला दांड्याचं टोक बघणं उपयोगी पडतं.

आणि हे काम पॉइंट्सच्या (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा स्विच) आधी करा. एक्सएस ६५० चे पॉइंट्स कॅमशाफ्टवर असतात, त्यामुळे चेनचा ताण बदलला की इग्निशन टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकतं. सीबी ७५० चे पॉइंट्स क्रँकच्या टोकाला असल्याने तिथे ते सरकत नाही, पण मी तिथेही चेनच आधी बघतो.