डांबरगोळी आणि सिलिकाची पुडी: एक किडीसाठी, दुसरी ओलीसाठी

दिवाळीच्या सुट्टीत मामेबहिणीसोबत तिचं स्टोरेज युनिट उघडायला गेलो होतो. नवऱ्याची बदली झाल्यामुळे ऑगस्टमध्ये तिने नागपुरातल्या मनीषनगरचा फ्लॅट रिकामा केला आणि सामान तिथे ठेवलं. ट्रंक उघडली तसा डांबरगोळ्यांचा उग्र दर्प आला, आणि खाली मामीच्या हातच्या गोधडीवर हिरवट-पांढरी बुरशी. "अरे दादा, वीस गोळ्या टाकल्या होत्या ना मी!" पुस्तकांच्या खोक्यात मात्र गोळ्या नव्हत्या. तिथे कसर लागू नये म्हणून बुटांच्या डब्यांतल्या सिलिकाच्या पुड्या टाकल्या होत्या. तरी कसरीने पुठ्ठ्यांच्या कडा कुरतडल्याच होत्या.

तिची चूक घरोघरी होते. दोन्ही वस्तू 'सामान खराब होऊ नये म्हणून टाकायच्या' एवढंच आपल्याला माहीत असतं.

डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन. दगडी कोळशाच्या डांबरातून काढतात, म्हणून हे नाव. ती न वितळता हळूहळू हवेत उडून जाते. ही वाफ घट्ट बंद पेटीत कोंडली, तरच लोकर आणि रेशीम खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या मरतात. उघड्या खोलीच्या चार कोपऱ्यांत चार गोळ्या टाकून वासाशिवाय काही हाती लागत नाही. वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून गोळ्या कापडात गुंडाळून सगळ्यात वर ठेवायच्या. कापूर आणि डांबरगोळी एकत्र ठेवू नका: दोन्ही मिळून पाझरतात आणि कपड्यांवर डाग पडतात. पण पाण्याशी हिचा काही संबंध नाही. वीस काय, दोनशे गोळ्या टाकल्या तरी थेंबभर ओल शोषली जाणार नाही.

सिलिकाची पुडी नेमकी उलट. ती हवेतली पाण्याची वाफ धरून ठेवते, कीड मारत नाही. कसरीला दमट हवा लागते, त्यामुळे खोकं खरंच कोरडं राहिलं तर तिला तिथे जगणं अवघड जातं. पण पुठ्ठ्याच्या खोक्यातून पावसाळी हवा आत येतच राहते, आणि पुडी काही दिवसांतच भरून जाते. रंग बदलणारे दाणे असतील तर ते कळतं: निळे गुलाबी होतात, नारिंगी हिरवे. साधे पांढरे दाणे काहीच सांगत नाहीत.

इथे थोडा हिशेब करून बघा. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून असतं. म्हणजे १० किलो चादरी-गोधड्यांत, हाताला अगदी कोरड्या लागत असतानाही, जवळपास ८०० ग्रॅम पाणी. नागपूरच्या ऑगस्टात तर त्याहून जास्त. आणि ५ ग्रॅमची पुडी फार तर दीड ग्रॅम पाणी घेते. मामेबहिणीने ट्रंक घट्ट लावून ओल आतच कोंडली होती.

आपल्याकडे यावर फुकटचा उपाय आहे, आणि कोकणातल्या लोकांना त्याचा हेवा वाटावा. मे महिन्यात इथे दुपारची हवा इतकी कोरडी असते, की गच्चीवर दिवसभर पसरलेली गादी सिलिकाच्या चार-दोन पुड्यांना जमणार नाही इतकी सुकते. संध्याकाळी ती निवू द्यायची आणि त्याच दिवशी जाड प्लास्टिकमध्ये बंद करायची. मधल्या वेळात कूलर चालू असलेल्या खोलीत नेऊ नका, कूलर हवेत पाणीच सोडतो. एवढं केल्यावर ५०-१०० ग्रॅमची पुडी उरलीसुरली ओल सांभाळते.

उधई आणि उंदीर यांच्यापुढे दोन्ही निरुपयोगी. त्यासाठी सामान भिंतीपासून वीतभर दूर, लोखंडी स्टँडवर ठेवायचं. पुठ्ठ्याची खोकी जमिनीला टेकवायचीच नाहीत.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी, टोपरी, गोधड्या तान्ह्या बाळाला तशाच वापरू नका. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅप्थलीनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ जिवावर बेतू शकते. कमतरता आहे की नाही, हे बहुतेक घरांत माहीतच नसतं. बाळाचे कपडे आधीच कडक उन्हात सुकवून, फक्त सिलिका टाकून ठेवले तर हा धोकाच उरत नाही.

मामीची गोधडी आम्ही तोंडाला फडकं बांधून गच्चीवर झटकली, धुतली, तीन दिवस उन्हात ठेवली. बुरशी गेली, डाग राहिले. बाकी सामान बहीण अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला पुन्हा बांधणार आहे. कूलरही ठेवायचा आहे. त्याचं गवत काढून टाकायचं आणि टाकी पुसून दोन दिवस उन्हात उपडी घालायची, एवढं तिने आताच यादीत लिहून ठेवलंय.