मुठीत एक पक्षी, मुठीत दोन

मँडरिन चिनीत 'सान' म्हणजे तीन आणि 'माओ' म्हणजे मांजर. पण तीन मांजरं मोजायची तर नुसतं 'सान माओ' चालत नाही. मध्ये एक मोजशब्द लागतोच : 'सान ज्र माओ'. आपल्या 'तीन जण आले'मधला 'जण' साधारण हेच काम करतो, पण फक्त माणसांपुरतं. चिनीत कागदाला एक मोजशब्द, घोड्याला दुसरा, नदीला तिसरा असा सगळा पसारा आहे.

त्यातला हा 'ज्र' मला सगळ्यांत गमतीचा वाटतो. कोंबडी, मांजर, वाघ, डास यांना तो लागतो. पण एक हात, एक डोळा, एक बूट म्हणतानाही तोच येतो. डास आणि बूट एका माळेत कसे?

उत्तर त्याच्या जुन्या लिपिचिन्हात आहे. वर आखूड शेपटीचा पक्षी, खाली त्याला धरणारा हात. चीनमधल्या आन्यांग शहराजवळ सापडलेल्या, शांग राजवंशाच्या काळातल्या, तीन हजार वर्षांहून जुन्या हाडांवर हे चिन्ह कोरलेलं आहे. तिथे मात्र ते मोजणीचं नाही, शिकारीचं : 'पकडलं', 'हाती लागलं' या अर्थाचं क्रियापद. राजाच्या शिकारीत किती हरणं मिळाली, अशा नोंदींत ते येतं.

इसवी सन 100च्या सुमारास शू शेन या पंडिताने आपल्या कोशात त्याची फोड दिली : हातात एक पक्षी असेल तर 'ज्र', दोन असतील तर 'श्वांग'. 'श्वांग'च्या चिन्हात खरोखरच एका हातावर दोन पक्षी आहेत, आणि चपलांचा जोड किंवा जेवणाच्या काड्यांची जोडी आजही 'श्वांग'नेच मोजतात. म्हणजे 'ज्र'ला दोन वाटा फुटल्या. पक्ष्यावरून तो इतर प्राण्यांकडे गेला आणि 'जोडीतला एकटा' या अर्थाने हात, डोळा, बुटाकडे. 'ज्रशन', म्हणजे एकट्यानेच, या शब्दातही तोच आहे.

सगळे प्राणी मात्र त्याच्या वाट्याला आले नाहीत. गाईला 'थोउ', म्हणजे डोकं. माशाला आणि सापाला 'थ्याओ'. हा मुळात झाडाची बारीक फांदी, म्हणून लांबट वस्तूंचा झाला. कुत्र्याला 'ज्र'ही चालतो आणि 'थ्याओ'ही.

1956च्या लिपीसुधारणेत चीनने दहा रेघांचं 'ज्र' सोडून त्याच्या जागी 'फक्त' या अर्थाचं, जवळपास तशाच उच्चाराचं पाच रेघांचं चिन्ह वापरायला घेतलं. अठरा रेघांचं 'श्वांग' चार रेघांवर आलं. त्यात आता दोन हात आहेत, पक्षी एकही नाही. लिहिणाऱ्या मुलांचे श्रम वाचले हे खरं, पण डास आणि बूट यांचं नातं चिन्हावरून कळायचं ते गेलं. तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनं चिन्हच चालू आहे. दक्षिण चीनमधल्या हक्का बोलीत तर हा शब्द इतका पसरला, की तिथे माणसंही त्यानेच मोजतात. मँडरिनमध्ये माणसांना तो लावला तर लोक हसतील.