लिंबातला बेडूक

विद्युतरसायन शिकवायचं म्हटलं की आधी लिंबू पुढे येतं. एका बाजूला तांब्याची पट्टी खुपसायची, दुसऱ्या बाजूला जस्ताची, आणि वायरी जोडायच्या. एका लिंबातून जेमतेम ०.९ व्होल्ट मिळतात आणि लाल एलईडीला साधारण १.८ व्होल्ट लागतात, म्हणून तीन-चार लिंबं एकापुढे एक जोडावी लागतात. दिवा मिणमिणतो, वर्ग खूश होतो. मग विचारावं, ‘वीज आली कुठून?’ उत्तर ठरलेलं असतं: ‘लिंबातून!’

उत्तर चूक आहे, पण चूक थोर घराण्यातली आहे. मेलेल्या बेडकाचे पाय दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श होताच उडतात, हे लुइजी गॅल्व्हानीने पाहिलं आणि वीज प्राण्याच्या अंगातच असते, असं १७९१ साली मांडलं. अलेस्सांद्रो व्होल्टाला ते पटेना. त्याच्या मते बेडूक म्हणजे नुसता ओलावा, खरी करामत दोन धातूंची. १८०० साली त्याने बेडकाला रजाच दिली. जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे, अशी चळत रचली आणि सलग वीज मिळवली.

हे भांडण वर्गात पुन्हा लावता येतं. दिवा बाजूला ठेवा, मल्टिमीटर घ्या. लिंबाऐवजी बटाटा, मग व्हिनेगर: आकडा फारसा हलत नाही. जस्त काढून तांब्याचीच दुसरी पट्टी लावा, काटा शून्याजवळ येतो. जस्ताच्या जागी मॅग्नेशिअमची फीत आली की तो चांगलाच वर चढतो. अट एकच, प्रत्येक बदलाआधी मुलांनी अंदाज वहीत लिहायचा. लिहिला नाही तर प्रत्येकजण नंतर ‘मला माहीतच होतं’ म्हणतो, आणि प्रयोगाचा जादूचा खेळ होतो.

पण व्होल्टाही अर्धाच बरोबर होता. धातूंच्या नुसत्या स्पर्शाने वीज निर्माण होते, असं त्याला वाटे. प्रत्यक्षात जस्त खर्ची पडतं. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून आयन, म्हणजे प्रभार असलेला कण, होतो आणि रसात उतरतो. ते इलेक्ट्रॉन वायरीतून तांब्यापर्यंत जातात आणि तिथे रसातले हायड्रोजन आयन ते घेतात. तांबं स्वतः जवळजवळ काहीच करत नाही, फक्त जागा देतं. पाठ्यपुस्तकातला जस्त-तांबे घटाचा (सेलचा) १.१ व्होल्टचा आकडा लिंबात का मिळत नाही, याचं कारण इथेच आहे: त्या घटात इलेक्ट्रॉन तांब्याचे आयन घेतात, लिंबाच्या रसात ते नसतात.

तो आकडा हवा असेल तर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणावं. माझ्या मते या विषयातलं सर्वांत मोलाचं प्रात्यक्षिक हेच आहे, आणि ते दोन भागांत करायला हवं. आधी मोरचुदाच्या द्रावणात जस्ताची पूड टाकून ढवळा. निळा रंग फिका पडतो, तळाशी तांब्याचा काळपट तपकिरी गाळ बसतो. द्रावण ०.२ मोलर, म्हणजे लिटरला साधारण ५० ग्रॅम मोरचूद, असेल तर तापमान साधारण १० अंशांनी चढतं. मुलांना भांडं बाहेरून चाचपू द्या, आणि द्रावण विषारी असल्याने हातमोजे घालायला लावा.

आता तीच अभिक्रिया दोन भांड्यांत फोडा. एकात मोरचूद आणि तांब्याची पट्टी, दुसऱ्यात झिंक सल्फेट आणि जस्ताची पट्टी. दोन्ही भांड्यांत टोकं बुडतील अशी, पोटॅशिअम नायट्रेटमध्ये भिजवलेली टीपकागदाची पट्टी टाका. मीटर १.१ व्होल्टच्या आसपास स्थिरावतो. जॉन फ्रेडरिक डॅनियलने १८३६ साली जो घट बनवला, त्याचं मर्म हेच. मघाशी जस्ताचे इलेक्ट्रॉन जागच्या जागी तांब्याच्या आयनांकडे जात होते, म्हणून सगळी ऊर्जा उष्णता होऊन गेली. आता वाट अडवली आहे, त्यामुळे त्यांना वायरीने वळसा घालावा लागतो. त्या वळशात आपण दिवा बसवतो.

मग काही न बोलता कागद उचलून घ्या. प्रवाह थांबतो. ‘इलेक्ट्रॉन कागदातून परत येत होते,’ असं निम्मा वर्ग सांगेल. कागदातून आयन सरकतात, इलेक्ट्रॉन नाही. आयन सरकले नाहीत तर जस्ताच्या भांड्यात धन प्रभार साठत जाईल, दुसऱ्या भांड्यात ऋण, आणि इलेक्ट्रॉन जागेवरून हलणार नाहीत.

उलटा प्रवास, म्हणजे वीज देऊन अभिक्रिया घडवणं, दाखवायला उथळ काचेची बशी पुरते. तिच्यात सोडिअम सल्फेटचं द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू या आम्ल-अल्कली ओळखणाऱ्या रंगाचे काही थेंब घाला. द्रावण हिरवं दिसायला हवं. साधं मीठ नको, त्यातून क्लोरीन निघतो. पेन्सिलीची दोन शिसं ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडून बुडवा. ऋणाग्राभोवती, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या शिसाभोवती, निळं वलय पसरतं, कारण तिथे हायड्रोजनबरोबर अल्कली तयार होते. दुसऱ्या शिसाभोवती, म्हणजे धनाग्राभोवती, आम्लाचं पिवळं वलय उमटतं. बॅटरी काढा आणि ढवळण्याआधी विचारा: आता रंग कोणता होईल? पैजा लागू द्या. ढवळल्यावर बशी पुन्हा हिरवी होते, कारण जितकं आम्ल तयार झालं, तितकीच अल्कली.