काळं कडं, पांढरं कडं

सोनोग्राफी म्हटलं की पोटावरचं गार जेल आठवतं. गुदद्वाराचीही सोनोग्राफी होते म्हटलं, की ऐकणारा हसतो नाहीतर विषय बदलतो. खरं तर जेमतेम चार सेंटिमीटरचा हा मार्ग म्हणजे भलतीच हुशार झडप. वायू, पातळ की घट्ट, हे तिथल्या अस्तराला कळतं. चारचौघांत आपली लाज राहते ती त्यामुळेच.

तपासणीला बोटाएवढा प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारी आणि टिपणारी दांडी, पुरतो. भूल लागत नाही, काही मिनिटांत काम होतं. पोटाच्या सोनोग्राफीत साधारण 3 ते 5 मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात, इथे 10 च्या आसपास किंवा त्याहून जास्त. अशा लहरी खोलवर जात नाहीत, पण जवळचं फार बारीक दाखवतात. बघायचं सगळं प्रोबला लागूनच असतं, तेव्हा खोली गमावून काही बिघडत नाही.

पडद्यावर दिसतो तो ओंडक्याचा आडवा छेद म्हणा. आतल्या अस्तराभोवती ठळक काळं कडं, 2 ते 3 मिलिमीटर जाडीचं. काळं म्हणजे पोकळ नव्हे! हा आतला स्फिंक्टर, म्हणजे मार्ग मिटून धरणारा गोल स्नायू. त्याच्या एकसारख्या पेशींवरून ध्वनी फारसा परतत नाही, म्हणून तो काळा. तो आपल्या हुकमात नाही; आपण झोपलो तरी तो मिटलेलाच. बाकीचे स्नायू वयाबरोबर झिजतात, हा मात्र जाड होतो. त्यामुळे सत्तरीच्या माणसात हे कडं फार पातळ दिसलं, तर डॉक्टरांना शंका येते.

त्याबाहेर पांढुरकं, रेघारेघांचं कडं: बाहेरचा स्फिंक्टर. ‘आवळून धरा’ म्हटल्यावर आवळला जातो तो हा.

खरी गोम या मार्गाच्या वरच्या टोकाला आहे. तिथे पूर्ण कडं नसतंच. पुढच्या जघनास्थीपासून निघून मागून वळसा घालणारा गोफणीसारखा स्नायू दिसतो, पुढून उघडा. बायकांमध्ये बाहेरचा स्फिंक्टर पुढच्या बाजूला आखूड असतो, त्यामुळे ही उघडी जागा थोडी खालपर्यंत येते. मूल न झालेल्या बाईतही ती दिसते. नवख्याला वाटतं, स्नायू फाटलाय. जाणकार प्रोब हळूहळू बाहेर ओढत राहतो. नैसर्गिक फटीच्या कडा गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंना सारख्या असतात, आणि जरा खाली आलं की कडं जुळतं. फाटलेल्या जागी ही सममिती मोडलेली असते.

हा फरक किती मोलाचा, ते 1993 साली लंडनच्या डॉक्टरांच्या अभ्यासातून कळलं. पहिल्यांदाच आणि योनिमार्गे बाळंत झालेल्या 79 जणींपैकी 28 जणींच्या स्फिंक्टरला सहा आठवड्यांनी इजा दिसली. सिझेरियन झालेल्या 23 जणींत एकीलाही नवी इजा नव्हती. तोवर बाळंतपणानंतर शौचावर ताबा न राहण्याचं खापर बहुतेक वेळा मज्जातंतूंवर फुटायचं. बाहेरून टाक्यांची गरजही न दिसलेल्या बायकांच्या आत स्नायू तुटलेला असू शकतो, हे त्या काळ्यापांढऱ्या कड्यांनी दाखवलं.